माया

लीड्समध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
जिथून नदी दिसते असं नोकरी देताना सांगितलं होतं
आणि दिसतात ती मोटारींची ओली छपरं,
मी चोवीस पांढऱ्या चोळ्या उसवत बसले आहे.

आत, काखेशी, नावांच्या पट्ट्या.
ग्लेनिस. ती खोडून यूको.
यूकोच्या खाली बारीक अक्षरात
बेथन, अठ्ठ्याऐंशी, उजवा खांदा उतरता.
नंतरची दोन नावं घामानं नेली.
आता सर्शा.
एकोणीस वर्षांची, बरगड्या रुंद, श्वास मोठा,
आणि चोळी काही केल्या हुकावर येईना.

डोरीन हॅगर्टीनं ही बेतली तेव्हा
मी जन्मायची होते,
इचलकरंजीत आमच्या गल्लीत माग खडखडत होते.
तरी तिचा हात मला ओळखू येतो.
प्रत्येक शिवणीत तिनं बोटभर कापड दुमडून ठेवलंय,
कुणाला न दिसणारं,
कुण्या पुढच्या मुलीच्या बरगड्यांसाठी.
आमच्याकडे याला माया म्हणतात.
इथल्या शब्दात नुसती परवानगी आहे.

डोक्यावर एफुआ क्वान्साचं नवं काम चालू.
छतातून अनवाणी टाचा,
मग काहीच नाही,
मग कुणीतरी हसतं, मग परत टाचा.
संगीत अजून लिहून झालेलं नाही.
मंगळवारी ती खाली आली, हातात गार झालेला चहा,
म्हणाली, आठ बनियन हवेत, करडे,
कडा कापल्या तशाच सोड, सुतं लोंबू देत,
तीनच तर प्रयोग आहेत,
नंतर कोण घालणार आहे?

गणित इथं सगळ्यांना पाठ आहे.
नाताळात चोवीस मुली एका वेळी हात उचलतात,
आज्या नातींना घेऊन येतात,
आणि त्या तिकिटांवर
फेब्रुवारीतले तीन प्रयोग उभे राहतात,
अर्ध्या खुर्च्या रिकाम्या ठेवून.
मीटिंगमध्ये एक म्हणतो, हे संग्रहालय नव्हे.
दुसरा म्हणतो, ही प्रयोगशाळाही नव्हे.
बिस्किटांची बशी दोन्ही बाजूंनी संपत जाते.
मला कुणी विचारत नाही,
मी हिशेबाला येते ती फक्त दोऱ्याच्या बिलात.

गुरुवारी डोरीन येते, शहाऐंशीची, काठी टेकत,
सुया मोजते, चुका काढते.
मी विचारलं, एवढी माया कशी सोडलीस?
मला वाटलं, काहीतरी मोठं बोलेल.
ती म्हणाली, कापड स्वस्त होतं गं तेव्हा.
आणि माझा टाका उलगडून
स्वतः पुन्हा घातला.

चोळी सोडवली. सर्शाला उभी केली.
तिनं श्वास घेतला, पूर्ण.
हूक लागला.
जुन्या शिवणीची रेघ मात्र राहिली,
साठ वर्षांचं कापड, तिथं जरा जास्तच पांढरं,
ऊन न लागलेल्या जागी असतं तसं.
दिव्यांत कळणार नाही, मी म्हटलं.
मला कळेल, ती म्हणाली,
आणि जिन्यानं वर पळाली,
कारण एफुआच्या आठांतही तीच आहे.

रात्री मशीनवर करडं कापड घेतलं.
कडा सांगितल्या तशाच सोडल्या, सुतं लोंबती.
पण बगलेत, आतून,
बोटभर ठेवलं.
कापड आता स्वस्त नाही.
बिलात लिहीन काहीतरी.

पट्टीवर लिहिलं, सर्शा,
अक्षर मुद्दाम वरच्या बाजूला,
खाली जागा.
ते खोडायला जो हात येईल
तो माझा नसेल.
त्यानं काळी शाई वापरावी,
निळी धुण्यात जाते.